मंजूर कर्ज म्हणजे निर्धोक घर नव्हे

घरखरेदीच्या तयारीविषयी महाराष्ट्राच्या शहरांत सर्वाधिक दिला जाणारा सल्ला साधारण असा असतो: आधी बँकेकडून कर्जाची पात्रता ठरवून घ्यावी, त्या रकमेत बसणारी घरे पाहावीत, ज्या प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक आणि एखाद्या मोठ्या बँकेची मान्यता आहे तो निवडावा, ‘टोकन’ म्हणून काही रक्कम देऊन घर बुक करावे, आणि कागदपत्रांची फार चिंता करू नये, कारण ती रेराने, बँकेने आणि नोंदणी कार्यालयाने तपासलेली असतात. हा सल्ला दलाल देतात, कर्ज विकणारे देतात आणि एकदा घर घेऊन बसलेले नातेवाईकही सद्भावनेने देतात. या सल्ल्याचा पाया मात्र चुकीचा आहे. त्यात ज्या तीन संस्थांच्या भरवशावर खरेदीदाराला निश्चिंत राहायला सांगितले जाते, त्यांपैकी एकीचेही काम खरेदीदाराच्या वतीने मालकी हक्काची खातरजमा करणे हे नाही. म्हणून घरखरेदीच्या तयारीत पैशाच्या जुळवाजुळवीआधी कागदांची तपासणी यायला हवी, आणि ती पहिला रुपया देण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात तथ्यांश आहे, तो आधी मान्य केला पाहिजे. १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, ज्याला व्यवहारात ‘मोफा’ म्हणतात, विकासकाने किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी करारनामा करून त्याची नोंदणी करावी असे सांगत होता; परंतु प्रकल्पाची आगाऊ नोंदणी, जमा झालेल्या पैशांवर देखरेख आणि तक्रारीसाठी स्वतंत्र प्राधिकरण यांची सोय त्यात नव्हती. केंद्राचा २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, याने ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून पण आतल्या भिंती धरून मोजलेल्या वापरण्याजोग्या क्षेत्रावर, व्हावी असे या कायद्याने ठरवले. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली, ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन घातले आणि बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षे विकासकावर ठेवली. या सुधारणांचे मोल मोठे आहे. आक्षेप रेरावर नाही. रेराच्या क्रमांकाला जे प्रमाणपत्र कधीच नव्हते ते मानण्याच्या सवयीवर आहे.

नोंदणी म्हणजे नेमके काय, हे कायद्याच्या रचनेतून स्पष्ट होते. कलम ४ नुसार विकासक जमिनीचे हक्कपत्र, मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख ही माहिती प्राधिकरणाकडे सादर करतो व ती खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र देतो. कलम ५ नुसार प्राधिकरणाने ३० दिवसांत अर्ज मंजूर किंवा नामंजूर केला नाही, तर प्रकल्प नोंदला गेला असे मानले जाते. ज्या कायद्यात प्राधिकरणाच्या मौनातूनही नोंदणी मिळू शकते, त्या कायद्यातील नोंदणीला मालकी हक्काच्या चौकशीचा निकाल समजणे हे कायद्याच्या शब्दांशी विसंगत आहे. नोंदणी ही मुळात प्रकटीकरणाची, म्हणजे माहिती सर्वांसमोर उघडी ठेवण्याची व्यवस्था आहे, आणि उघडी ठेवलेली माहिती कोणीतरी वाचली तरच तिचा उपयोग होतो.

कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचे प्रकरण हा या मुद्द्याचा सर्वांत वेदनादायक पुरावा आहे. त्या इमारतींसाठी महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली आणि त्या नोंदणीच्या विश्वासावर लोकांनी सदनिका विकत घेतल्या. अनेकांनी त्यासाठी गृहकर्जे काढली. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ही फसवणूक उघड करणारी माहिती महापालिकेच्या नगररचना विभागात होती: ज्या परवानगीची प्रत विकासक दाखवतो आहे ती आपल्या नोंदवहीत आहे की नाही, हे तो विभागच सांगू शकत होता. यातून धडा असा की परवानगीची प्रत विकासकाच्या हातून घेऊन थांबू नये. ती देणाऱ्या कार्यालयाकडूनच तिची खात्री करून घ्यावी, आणि गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करून प्रमाणित प्रत मिळवावी.

याखेरीज काही बांधकामे रेराच्या कक्षेतच येत नाहीत. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणी सक्तीची नाही. गावठाणातील आणि शहरांच्या कडेच्या लहान इमारती बहुधा याच गटात मोडतात. ७० टक्के रकमेच्या खात्याचेही असेच आहे. त्या खात्यातून बांधकामाबरोबर जमिनीचा खर्चही भागवता येतो, त्यामुळे खाते आहे म्हणून इमारत पूर्ण होईलच अशी हमी मिळत नाही. ताबा वेळेवर न मिळाल्यास कलम १८ खाली व्याजासह परतावा मागता येतो हे खरे आहे, पण आदेश मिळाल्यावरही रक्कम न भरणाऱ्या विकासकाकडून ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करावी लागते. आदेश आणि प्रत्यक्ष पैसा यांच्यात किती काळ जातो, हे ती वाट चाललेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. तक्रारीचा हक्क हा उपाय आहे. त्याला प्रतिबंधाची जागा देता येत नाही.

दुसरा भरवसा बँकेचा. ‘एवढी मोठी बँक कर्ज देते आहे, म्हणजे कागद चोख असणारच’ हे वाक्य इतके रुळले आहे की त्यामागचे गृहीतक कोणी तपासत नाही. बँक वकिलाकडून शोध अहवाल घेते, म्हणजे साधारणपणे मागील ३० वर्षांचे हस्तांतरण आणि बोजे यांची तपासणी करून घेते, हे खरे आहे. परंतु ती तपासणी बँकेच्या हितासाठी होते, आणि बँकेचे हित व खरेदीदाराचे हित एकाच रेषेवर नसते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्के एवढीच रक्कम देता येते. उरलेले १० ते २५ टक्के खरेदीदाराचे असतात आणि तीच बँकेची सुरक्षिततेची मर्यादा असते: घराचे मूल्य घसरले किंवा हक्क वादात सापडला, तर आधी बुडतो तो हा वाटा. त्यापुढे, इमारत पाडली गेली तरी कर्ज संपत नाही, कारण गृहकर्जाची परतफेड ही कर्जदाराची वैयक्तिक जबाबदारी असते आणि बँक त्याच्या पगाराकडे, अन्य मालमत्तेकडे व जामीनदाराकडे वळू शकते. ज्या संस्थेला आपले पैसे परत मिळवण्याचे इतके मार्ग आहेत, तिच्या सावधगिरीची तुलना एकच घर घेऊ शकणाऱ्या कुटुंबाच्या सावधगिरीशी करता येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. बँकेची तपासणी खरेदीदाराने घर निवडल्यावर, बहुधा टोकन दिल्यावर आणि प्रक्रिया शुल्क भरल्यावर होते. तिचा अहवाल बँकेच्या फाइलमध्ये राहतो आणि कर्जदाराच्या हाती सहसा केवळ मंजुरीचे पत्र येते. शोधात काय सापडले, कोणत्या त्रुटीकडे दुर्लक्ष झाले आणि कोणत्या अटीवर मंजुरी मिळाली हे त्याला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी अनधिकृत बांधकामांसंबंधी दिलेल्या निर्देशांत, इमारत तारण घेऊन कर्ज देताना बँकांनी पूर्णत्वाचे किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच ते द्यावे, असे स्पष्ट बजावले. असे निर्देश देण्याची गरज पडावी, यातूनच बँकांच्या मंजुरीवर किती विसंबावे याचे उत्तर मिळते. त्याआधी सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले होते की कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच वितरित करावी, कारण आकर्षक योजनांच्या नावाखाली मोठी रक्कम आगाऊ विकासकाच्या हाती जात होती आणि इमारत रखडली तरी हप्त्याचे ओझे ग्राहकावर राहत होते.

तिसरा भरवसा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाचा. करारनामा नोंदवला, मुद्रांक शुल्क भरले, सूची क्रमांक २, म्हणजे लोक जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती नोंद, हाती आली की घर आपले झाले असे मानले जाते. निबंधक प्रामुख्याने पाहतो ते दस्त करून देणाऱ्यांची ओळख, योग्य मुद्रांक शुल्क आणि दस्ताची औपचारिक पूर्तता. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला नाही. भारतातील जमिनीच्या हक्काची पद्धत अनुमानाधारित आहे, म्हणजे नोंदी मालकीचे अनुमान देतात, शासन मालकीची हमी देत नाही. सातबारा उतारा आणि शहरी भागातील मालमत्ता पत्रक हेही महसुली अभिलेख आहेत. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेली ‘विक्री’ मालकी हस्तांतरित करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले, तरीही अशा कागदांवर व्यवहार होत राहतात. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. त्या एका शेऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढचे सगळे दस्त अडचणीत येऊ शकतात. वारसांपैकी एखाद्या बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले नसेल, तर तिचा हिस्सा तसाच राहतो आणि नोंदणी कार्यालयाचा शिक्का तो पुसू शकत नाही.

जमिनीचा हक्क निर्वेध असला तरी इमारत वैध असतेच असे नाही, आणि हा फरक खरेदीदारांच्या लक्षात फार उशिरा येतो. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला आवारात १९८० च्या दशकात मंजूर नकाशांपेक्षा जास्त मजले चढवण्यात आले. तेथील रहिवाशांनी पैसे मोजून घरे घेतली होती आणि ते वर्षानुवर्षे तेथे राहत होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये ३५ मजले बेकायदा ठरवण्याचा निर्णय कायम केला आणि जून २०१४ मध्ये पालिकेने त्या सदनिकांचे पाणी, वीज व गॅस तोडले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५ मध्ये पाडण्यात आल्या. एका ठिकाणी मंजूर नकाशा आणि दुसऱ्या ठिकाणी विकास आराखडा, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी राखली आहे हे दाखवणारा शासकीय नकाशा, पाहिला असता तर धोका दिसला असता. हे दोन्ही सार्वजनिक कागद आहेत. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजुरीप्रमाणे बांधली गेली असून राहण्यायोग्य आहे असा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, नसलेल्या घरात राहायला जाणाऱ्याने आपले घर कायद्याच्या दृष्टीने अपूर्ण आहे हे जाणून घ्यावे. ‘ओसी येईलच’ हे तोंडी आश्वासन त्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही. वाहनतळाचेही तसेच. इमारतीखालची स्टिल्टमधील जागा सामाईक असते आणि ती सदनिकेसारखी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला आहे. म्हणून करारनाम्यात वाहनतळाचे वर्णन काय आहे हे पैसे ठरवण्याआधी वाचावे लागते.

आता पैशाच्या तयारीकडे पाहता, प्रचलित सल्ला ज्या विषयात आपण पारंगत असल्याचा दावा करतो त्यातही तो अपुरा ठरतो. बँक किती कर्ज देऊ शकते आणि कुटुंब किती कर्ज पेलू शकते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बँक देते आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणून तेच स्वीकारले जाते. पुण्यातील ८० लाखांच्या, बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेचे उदाहरण घेतल्यास ८० टक्क्यांप्रमाणे ६४ लाख कर्ज मिळू शकते, म्हणून १६ लाख हाती असले की पुरे असे वाटते. प्रत्यक्षात ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार, ५ टक्के वस्तू व सेवा कराचे ४ लाख आणि नोंदणीचे ३० हजार मिळून आणखी जवळपास १० लाख लागतात, आणि कर्जाची मर्यादा ठरवताना हे खर्च घराच्या किमतीत धरले जात नाहीत. म्हणजे स्वतःची रक्कम १६ लाख नसून २६ लाख असावी लागते. ही तफावत टोकन दिल्यावर लक्षात आली, की कुटुंब वैयक्तिक कर्ज, दागिने किंवा निवृत्तीच्या ठेवींकडे वळते.

व्याजदराचा धोका त्याहून गंभीर आहे. ५० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज ६.७५ टक्के दराने घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३८,००० रुपये येतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि बदलत्या दराची गृहकर्जे त्याबरोबर महागली. तेच कर्ज ९.२५ टक्क्यांवर गेले की हप्ता सुमारे ४५,८०० रुपये व्हायला हवा. बँकेने हप्ता न वाढवता केवळ मुदत वाढवायचे ठरवले, तर ५० लाखांवरचे एका महिन्याचे व्याजच ३८,५०० रुपयांच्या पुढे जाते; म्हणजे जुना हप्ता भरत राहिल्यास मुद्दल कधीच कमी होणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वेळी कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा स्थिर दराकडे जाणे असे पर्याय देण्याचे बंधन बँकांवर घातले, परंतु पर्याय निवडण्याची ऐपत कुटुंबाकडे आधीपासून असावी लागते. अडीच टक्क्यांची वाढ पेलता येईल असा हप्ता ठरवणे हीच खरी पात्रता, आणि ती बँकेच्या मंजुरीपत्रावर छापलेली नसते.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की सामान्य माणसाला फेरफार, आरक्षण आणि शोध अहवाल कसे कळणार? ते सगळे कळण्याची गरज नाही; स्वतःच्या वतीने काम करणारा वकील नेमण्याची गरज आहे, जो विकासकाने किंवा दलालाने सुचवलेला नसेल. त्याचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते, आणि जे कुटुंब लाखो रुपये मुद्रांक शुल्कात भरते त्याने या खर्चात कसर करावी याला आर्थिक आधार नाही. शिवाय प्राथमिक तपासणीसाठी लागणारे बरेच कागद आज सहज पाहता येतात: सातबारा महाभूलेखवर, दस्तांच्या नोंदी नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेवर, आणि प्रकल्पाचे नकाशे, दावे, बोजे व पूर्णतेची बदललेली तारीख महारेराच्या पानावर.

दुसरा आक्षेप घाईचा: तपासत बसले तर घर हातचे जाईल आणि भाव वाढतील. घर हातचे जाऊ शकते हे खरे आहे, पण शहरात दुसरे घर मिळते. सदोष हक्काच्या घरात अडकलेली आयुष्याची पुंजी परत मिळवणे त्याहून कितीतरी कठीण असते. वकिलाला कागद पाहण्यासाठी आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवण्यासाठी जे काही आठवडे लागतात, त्या काळात होणारी भाववाढ आणि संपूर्ण गुंतवणूक गमावण्याचा धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही. जो विकणारा कागद दाखवण्यासाठी एवढा अवधी देण्यास नकार देतो, त्याने त्या नकारातूनच पुरेशी माहिती दिलेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. तपासणीचे ओझे खरेदीदारावर टाकणे म्हणजे फसवलेल्यालाच दोषी ठरवणे, असे तो म्हणतो. या आक्षेपातील नैतिक भाग पूर्णपणे मान्य करावा लागतो. बनावट परवानगीवर इमारत उभी राहते तेव्हा दोष विकासकाचा, ती उभी राहू देणाऱ्या अधिकाऱ्यांचा आणि नोंदी परस्परांशी न जोडणाऱ्या शासनाचा असतो. नियोजन प्राधिकरणाने दिलेली प्रत्येक परवानगी थेट महारेराच्या नोंदीत यावी, आरक्षणे त्याच पानावर दिसावीत आणि शोध अहवालाची प्रत कर्जदाराला देणे बँकांवर बंधनकारक असावे, या मागण्या खरेदीदारांच्या संघटनांनी नेटाने लावून धरायला हव्यात. परंतु दोष कोणाचा हे ठरल्याने पाडलेले घर परत उभे राहत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या कुटुंबांचा दोष नव्हता आणि तरीही कर्ज त्यांच्याच नावावर राहिले. सावधगिरीचा आग्रह हा त्यांच्यावरचा आरोप नाही. पुढच्या कुटुंबावर तीच वेळ येऊ नये म्हणून तो धरायचा आहे.

यावरून घरखरेदीच्या तयारीचा क्रम ठरतो. प्रथम कुटुंबाने वाढीव व्याजदर गृहीत धरून पेलणारा हप्ता आणि शुल्कांसह लागणारी स्वतःची रक्कम ठरवावी. मग घर निवडावे, पण पैसे देऊ नयेत. जमिनीचा हक्क, विकास आराखड्यातील आरक्षण, मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र आणि तयार घर असल्यास भोगवटा प्रमाणपत्र स्वतःच्या वकिलाकडून व देणाऱ्या कार्यालयांकडून पडताळून घ्यावे. जुने घर घेताना गृहनिर्माण संस्थेचे भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि जमिनीचे संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे हस्तांतरण, झाले आहे का हेही पाहावे. टोकन देणे अटळच असेल, तर हक्क निर्वेध न निघाल्यास संपूर्ण रक्कम परत मिळेल अशी लेखी अट घालूनच द्यावे. कर्जाचा अर्ज त्यानंतर येतो. बँक, रेरा आणि नोंदणी कार्यालय यांच्या तपासण्या या क्रमात उपयोगी पडतात, कारण त्या स्वतंत्र चौकशीला पुष्टी देतात. चौकशीच झालेली नसेल, तर पुष्टी देण्यासारखे त्यांच्यासमोर काहीच नसते.